मागाशेजारची झोप

मुलगी दुपारी झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरून बसायची. बोटाला ऊब लागली की हात मागे घ्यायचा, मनात दहापर्यंत मोजायचं आणि पुन्हा बोट धरायचं. तिची झोप तासा-दीड तासाची. तेवढा वेळ माझं दुसरं काही नाही. चुलीवर भात असला तर तो करपायचा. ती तीन महिन्यांची होती आणि मला खरंच वाटायचं की मी विसरले तर तीही श्वास घ्यायचं विसरेल.

कारण पहिल्या वेळी मी झोपले होते.

हे एकदाच सांगते, मग पुन्हा नाही. पहिला मुलगा इचलकरंजीला झाला. माहेर माझं तिथलंच. आठवीनंतर शाळा सुटली आणि मी कांड्या भरायला बसले. धोट्याच्या पोटात सुताची गुंडाळलेली काडी बसवतात, ती कांडी. धोटा आडवा पळतो आणि मागे सूत सोडत जातो, तसं कापड होतं. नवरा पार दुसऱ्या टोकाचा, भंडारा जिल्ह्यातला, मोहाडीजवळच्या गावचा. आमच्याकडे पॉवरलूमवर कामाला आलेला. लग्न झालं तेव्हा कारखान्याच्या मागची एक खोली घेतली. बाळ चाळीस दिवसांचं होतं. दुपारी त्याला पाजलं, कुशीत घेतलं, आणि जागरणानं माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा पॉवरलूम चालूच होते, भिंत थरथरत होती, आणि बाळ थंड होतं. डॉक्टर म्हणाले, असं कधी कधी होतं, कुणाची चूक नसते. नवऱ्यानंही बोल लावला नाही. पण मी झोपले होते. ते काही कुणाच्या म्हणण्यानं बदलत नाही.

सासऱ्यांनी फोन केला. नवऱ्याला म्हणाले, "तिले इकडं आणून सोड. त्या खोलीत ते कशी राहीन?" नवऱ्याला कारखान्यातली पाळी सोडता येत नव्हती. तो मला गाडीनं आणून सोडून चार दिवसांत परत गेला. तेव्हापासून तो माझ्या गावात राहतो आणि मी त्याच्या. वर्षातून दोन-तीनदा येतो.

सासू आधीच गेलेली. घरात सासरे आणि त्यांचा हातमाग. आमच्याकडे सासऱ्याला मामंजी म्हणतात, इथं मामाजी. मीही मामाजीच म्हणायला लागले. सुरुवातीला त्यांचं निम्मं बोलणं मला कळत नसे आणि माझं ऐकून शेजारची काकी पदर तोंडाला लावून हसायची. "बाप्पा, मामाजी, तुमची सून त रेडिओवानी बोलते!" पण कुणी मला वाईट वागवलं नाही. मुलगी इथं झाली, भंडाऱ्याच्या दवाखान्यात. मामाजी दवाखान्याच्या पायरीवर दोन दिवस बसून होते.

तर ते बोट धरणं. एका दुपारी मामाजींनी पाहिलं.

"काय करून राहिली वं?"

"श्वास बघतेय."

मला वाटलं, हसतील. किंवा सगळे म्हणायचे तसं म्हणतील, की काही होत नाही, कशाला घोर लावून घेतेस. ते नुसते थोडा वेळ दारात उभे राहिले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सासूबाईंचं जुनं लुगडं काढलं आणि समोरच्या खोलीत, मागाच्या बाजूला, वरच्या वाशाला त्याची झोळी बांधली. त्यांचा माग खड्ड्याचा. विणकर खड्ड्यात पाय सोडून जमिनीच्या पातळीला बसतो, पायाखाली पावड्या, समोर ताणलेले उभे धागे, म्हणजे ताणा. एक धागा विणला की हत्या, म्हणजे फणीची लाकडी चौकट, जोरानं पुढे ओढून ठोकायचा. त्या हत्याला मामाजींनी सुताची दोरी बांधली आणि तिचं दुसरं टोक झोळीला. मग मुलीला झोळीत घालायला सांगितलं आणि स्वतः खड्ड्यात उतरले.

"आता पाह्य. एक ठोका, एक झोका."

खरंच, हत्या पुढे आला की झोळी हलायची.

"टुरी माह्या डोळ्यासमोर हाये. माग चालू हाये म्हंजे मी जागा हाओ. तू तिकडं भिंतीकडं तोंड कर अना झोप."

"मला नाही झोप येत, मामाजी."

"मंग पडून राय. पडाले काय होते?"

मी चटई टाकून पडले. पॉवरलूमचा आवाज मी जन्मापासून ऐकलेला. तो आवाज माणसाला विचार करू देत नाही. हा माग तसा नव्हता. धोटा गेला की लाकडावर घसरल्यासारखं व्हायचं, मग ठोका, मग पावडीची कुरकुर. मध्ये मामाजींचा खोकला. हे सगळं एका माणसाच्या हातापायातून येतंय हे ऐकताना कळायचं. मी ऐकत राहिले. उठले तेव्हा ऊन ओट्यावरून खाली उतरलं होतं, मुलगी झोळीत पाय उडवत होती आणि मामाजी विणत होते. इचलकरंजीच्या खोलीतल्या त्या दुपारनंतर दिवसाची झोप मला पहिल्यांदाच लागली होती.

मग ते रोजचंच झालं. दुपारी जेवणं झाली की मामाजी खड्ड्यात, मुलगी झोळीत, मी चटईवर. एकच अडचण. मागाचा आवाज थांबला की मी धडपडून उठायची. धागा तुटला की विणकराला थांबावंच लागतं. पहिले काही दिवस मला तसं उठलेलं पाहून ते ओशाळायचे. नंतर त्यांनीच रीत काढली. हात थांबायच्या आधी ते हळूच म्हणायचे, "धागा तुटला, बाई. धागाच तुटला." मी झोपेतच ऐकायची आणि पुन्हा खाली जायची.

काकी मागच्या दारानं यायची आणि हे पाहून कंबरेवर हात ठेवायची. "लोकाईच्या घरी सून सासऱ्याची सेवा करते. तुमच्या घरचं उलटंच हाये, मामाजी!"

"हळू बोल वं," मामाजी म्हणायचे. "टुरी उठन."

मुलगी रांगायला लागली, मग ताण्याखालून पलीकडे निघायला लागली. धोटा चावून चावून तिनं त्याच्या टोकावर दातांच्या खुणा केल्या. वरणाचे हात घेऊन मागाकडे पळाली की मामाजी ओरडायचे, "हात धू वं बाई, कोसा हाये तो!" कोसा म्हणजे इथलं रेशीम. जंगलातल्या किड्याचं, मधाच्या रंगाचं. गावात आता माग चार-पाचच उरलेत, त्यातही कोशाला हात घालणारे मामाजीच. व्यापारी सूत आणून द्यायचा, विणलेलं घेऊन जायचा. कांड्या भरायचं काम माझ्याकडे. मला ते यायचंच, आणि निदान तेवढा तरी माझा हातभार लागतोय याचं बरं वाटायचं. भाताच्या रोवणीच्या दिवसांत गावातल्या सगळ्या बाया चिखलात वाकलेल्या असायच्या. मला मामाजींनी कधी जा म्हटलं नाही. बांधावर झोपवलेली लेकरं मी जाता येता पाहायची आणि माझं मला नशीब वाटायचं.

मुलगी दोन वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात व्यापाऱ्याकडून सूत यायचं थांबलं. ताणा मागावर चढलेला होता, पण आडवं भरायचं सूत नव्हतं. आज येईल, उद्या येईल. मी टोपलीतल्या शेवटच्या कांड्या दिल्या आणि कांड्या भरायचा चरखा पुसून ठेवला.

दुपारी मात्र माग चालू झाला. दुसऱ्या दिवशीही. मी भिंतीकडे तोंड करून झोपले, उठले, कामाला लागले. चौथ्या की पाचव्या दिवशी पडल्या पडल्या सहज मनात आलं, की टोपली तर रिकामी आहे. मी चार दिवसांत एक कांडी भरलेली नाही. मग हे विणतायत काय?

मी कूस बदलली.

मामाजी उजवीकडून डावीकडे धोटा टाकत होते, झेलत होते, हत्या ओढत होते. धोट्यात काहीच नव्हतं. मागे सूत सुटत नव्हतं. कापड बोटभरही पुढे सरकत नव्हतं. दोरी ताणली जायची आणि झोळी हलायची, बस्स.

विणकराच्या घरात रिकामा धोटा कुणी फेकत नाही. अपशकुन म्हणतात, ते राहू द्या. पण त्यानं ताणा खराब होतो. फणी त्याच त्या जागी घासत राहते, धागे पिंजतात आणि तुटतात. मला हे कळत होतं, तर ज्यांनी उभा जन्म विणण्यात घालवला त्यांना कळत नसेल? "धागा तुटला, बाई," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले. आणि गाठ मारायला वाकले.

मी उठून बसायला हवं होतं. मामाजी, राहू द्या, मी जागते, एवढंच म्हणायचं होतं. मी पुन्हा भिंतीकडे वळले. आणि झोपले. त्या दिवशी झोपले, आणि सूत येईपर्यंत रोज झोपले.

सूत आलं. त्यांनी थान पुरं केलं. व्यापारी न्यायला आला तेव्हा मी चहा घेऊन बाहेर आले होते. त्यानं कापड उजेडात धरलं आणि बोट फिरवत गेला.

"काका, हे काय? गाठीच गाठी!"

मामाजींनी मान खाली घातली.

"तुमच्या हातचं हाये का हे? का सुनेले बसवलं होतं मागावर?"

"माह्याच हातचं हाये."

"मंग डोळे गेले का काय?"

"गेलेच म्हन," मामाजी म्हणाले. "आता बराबर दिसत नाई."

त्यांना सगळं दिसत होतं. सुईत दोरा तेच ओवून देत होते मला. मी कपबशी हातात धरून उभी होते आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. काय भीती होती? खरं सांगितलं तर माग दुपारचा बंद होईल, हीच. दुसरी कोणतीच नाही.

व्यापारी माणूस वाईट नव्हता. जाताना म्हणाला, "आता आराम करा, काका. कायले कोशाच्या नादी लागता." त्यानंतर त्यानं कोसा आणला नाही. साधं सुती काम आणायचा, पंचे, टॉवेल. तो गेल्यावर मामाजी ओट्यावर बसून राहिले. मग म्हणाले, "चहा थंडा झाला वं. गरम करून दे."

पुढच्या वर्षी त्यांचे गुडघे गेले. खड्ड्यातून वर येताना दोन्ही हात जमिनीवर टेकून स्वतःला उचलावं लागायचं, आणि तोंडातून आवाज निघू नये म्हणून ते ओठ आत ओढून घ्यायचे. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी खड्ड्यात बसायचं नाही म्हणून सांगितलं. मागावर जुनी चादर पडली. झोळी सोडली. मुलगी तोवर तीन वर्षांची झाली होती, तिला अंगणवाडीत घातलं.

पहिले दोन दिवस ती माझा पदर सोडेना. अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या, "तुमी घरी जा. तुमी दिसून राहिल्या त ते रडतच राहीन." मी जात नव्हते. हापशामागे उभी राहायची आणि रडण्याचा आवाज ऐकत राहायची. चौथ्या दिवशी आवाजच आला नाही. मी धावत खिडकीशी गेले.

खिचडी खाऊन झाली होती. सतरंजीवर ती आडवी झोपली होती, तोंड उघडं, गालाला भाताचं शीत. तीस लेकरांचा गलका चाललेला. एक जण तिच्या डोक्याशी बसून ताटली बडवत होता. मदतनीस बाई मला पाहून हसली. "ढोल वाजवला तरी उठाची नाई तुमची टुरी. खाल्ल्याबरोबर झोपली ना!"

आनंद व्हायला हवा होता. मी खिडकीचे गज धरून उभी राहिले. तिला झोळी लागत नव्हती, दोरी लागत नव्हती, मागही नाही. मग तो ताणा कुणासाठी खराब झाला? मामाजींनी व्यापाऱ्यासमोर मान खाली घातली ती कुणासाठी? घरी येताना मी सगळा रस्ता स्वतःशी हेच बोलत आले, आणि उत्तर माहीत असूनही ते म्हणायची हिंमत झाली नाही.

मामाजी ओट्यावर बसले होते. "झोपते का वं ते तिथी?"

त्यांचा चेहरा पाहिला आणि मला खरं सांगवेना. त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं, "कुठे झोपते, मामाजी. तुमचा माग लागतो ना."

"हाव?" ते म्हणाले. आणि मागाकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत वजनं करायची होती. आयांना थांबायला सांगितलं होतं, म्हणून मला परतायला दुपारचा एक वाजून गेला. मुलगी खांद्यावर झोपलेली. दारातून पाहिलं तर चादर जमिनीवर पडलेली, आणि मामाजी खड्ड्यात.

"मामाजी?"

"आली का?" ते म्हणाले. "ये. दोरी बांधाची राहिली."

त्यांच्या आवाजावरून मला कळलं. सकाळी मी गेल्या गेल्या ते उतरले होते आणि त्यांना वर येता येत नव्हतं. तीन तास ते तिथंच बसून होते. भिंतीपलीकडे काकी असते, एक हाक मारली असती तर ती आली असती. मारली नव्हती. मी हात धरायला वाकले तेव्हा दिसलं, की धोतर ओलं होतं.

एकटीला त्यांना उचलणं झालं नाही. काकीला बोलावलं. ती येता येता म्हणाली, "काय मामाजी, आज जवान झाले का?" मग जवळ आली, पाहिलं, आणि पदर खोचला. दोघींनी काखेत हात घालून त्यांना वर ओढलं. काकीनं न सांगता चुलीवर पाणी ठेवलं आणि घरी निघून गेली. आजपर्यंत तिनं त्याची कुणाजवळ वाच्यता केली नाही.

मामाजी अंघोळ करून खाटेवर टेकले तेव्हा मी खाली बसले.

"मामाजी, मी खोटं बोलले. ती झोपते तिथं. गाढ झोपते."

"मालूम हाये मले."

"कसं?"

"ते त कोठीबी झोपे. सहा महिन्याची होती तवाच दोरी तुटली होती एक दिवस. त्या दिवशी मी बांधलीच नाई. झोपून होती ते, हलली नाई."

"मग इतके दिवस..."

"माग थांबला का तू उठे ना," ते म्हणाले. "टुरी नाई उठे. तू उठे."

मी त्यांच्या पायांकडे बघत होते. गुडघे सुजून चकचकीत झालेले.

"मग आज कशाला उतरलात?"

"तू म्हनली ना काल, माग लागते म्हून. मले वाटलं, तुलेच लागत अशीन. सांगता नाई येत अशीन तुले."

मग मी तेही सांगितलं, की रिकामा धोटा मी पाहिला होता. पाहून कूस बदलली होती. व्यापाऱ्यासमोर तोंड उघडलं नव्हतं. बोलताना मला रडू आवरेना. मामाजी छताकडे पाहत होते.

"काय सांगाचं होतं त्याले?" ते म्हणाले. "सून झोपत नाई म्हून ताणा पिंजला, असं?" त्यांना जरासं हसू आलं आणि त्याचा खोकला झाला. खोकला थांबल्यावर त्यांनी विचारलं, "आता झोपते का तू दुपारची?"

एकदा खोटं बोलून काय झालं ते नुकतंच पाहिलं होतं. मी म्हटलं, "नाही, मामाजी. माग बंद झाल्यापासून नाही."

मग त्यांनी मला विचारलं, खरोखर माझ्याकडून उत्तर पाहिजे असल्यासारखं, "मंग आता मी काय करू वं?"

मी म्हटलं, "तुम्ही इथंच बसा."

त्याला आता सात-आठ महिने झाले. मामाजी खाटेवर असतात. जेवणं झाली की मी खाटेशेजारी चटई टाकते आणि भिंतीकडे तोंड करून पडते. डोळे मिटते, श्वास लांब घेते. झोप येत नाही. पण त्यांच्याकडे दुसरं काही उरलेलं नाही, आणि मी झोपले असं त्यांना वाटलं की खाटेची करकर थांबते. ते उशीला पाठ टेकून जागे बसतात, हे मला न बघता कळतं.

परवा काकी सूप मागायला आली.

"हळू," मामाजी म्हणाले. "झोपली हाये."

"बाप्पा! सासरा पहारा देऊन राहिला, अना सून घोरून राहिली!"

"घोरू दे. मंगानं ये तू."

काकी हसत गेली. तिच्या मागे मामाजींना उबळ आली, मोठी. बराच वेळ खोकत होते. तांब्या त्यांच्या हाताला लागत नव्हता, तो मीच चुलीजवळ विसरले होते. उठून पाणी द्यावं असं फार वाटलं. पण ते उशीत तोंड खुपसून, आवाज दाबून खोकत होते, मला जाग येऊ नये म्हणून. मी उठले असते तर त्यांना कळलं असतं. अंगणवाडी सुटायची वेळ होईपर्यंत मी तशीच पडून राहिले.